दुधाचे दात, सहा वर्षांची दाढ आणि रोज रात्रीची चावी

माझी मुलगी साडेसात वर्षांची असताना जेवताना खालचा जबडा थोडासा डावीकडे सरकवून चावायची. आम्हाला वाटलं सवय असेल, सासूबाई म्हणायच्या शाळेत कुणाची तरी नक्कल उचललीये. डेंटिस्टकडे गेलो होतो ते वेगळ्याच कामाला, एक दाढ किडली होती म्हणून, तर त्यांनी तिला सहज सांगितलं की तोंड उघड आणि आता अगदी हळू मीट. मग मला जवळ बोलावून दाखवलं. आधी सुळ्यावर सुळा टेकत होता, आणि मग ती अख्खा जबडा बाजूला नेऊन तोंड मिटत होती, कारण सरळ मिटलं तर दात बसतच नव्हते.

डब्याचं झाकण कसं डब्याच्या बाहेरून बसतं, तसे वरचे दात खालच्या दातांच्या थोडे बाहेर बसायला हवेत. हिचा वरचा जबडा अरुंद, म्हणजे झाकणच लहान, त्यामुळे एका बाजूला वरच्या दाढा खालच्यांच्या आत जात होत्या. याला क्रॉसबाइट म्हणतात. वाढत्या वयात जबडा वर्षानुवर्षं असा एकीकडे सरकत राहिला तर तो वाढतोही तिरका, म्हणून यात थांबायचं नसतं.

माझा पहिला प्रश्न तोच जो सगळ्यांचा असतो, की आत्ता कशाला, दुधाचे दात तरी पडू देत! आणि गंमत म्हणजे बहुतेक मुलांच्या बाबतीत हे बरोबरच आहे. दात वेडेवाकडे आहेत, एकमेकांवर चढलेत, तर बाराव्या-तेराव्या वर्षी तारा लावल्या तरी चालतं. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे दातांची ठेवण सुधारणाऱ्या डॉक्टरांची संघटना सांगते की मुलाला सातव्या वर्षापर्यंत एकदा दाखवा, आणि आपल्याकडे बरेच जण ते ऐकून सातव्या वर्षी तार लावायची असं धरून चालतात. दाखवायचंय फक्त. बहुतेकांना 'वर्षभराने या' एवढंच सांगून घरी पाठवायला हवं.

सातच का, तर तोपर्यंत पहिली कायमची दाढ आलेली असते. ही सहा वर्षांची दाढ फार गुपचूप येते, कारण ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे उगवते, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, कुणी दात कौलावर फेकत नाही, आणि घरच्यांना वाटतं ही पण दुधाचीच. वर दोन, खाली दोन, अशा चार. १८९९ साली एडवर्ड अँगल या अमेरिकन डॉक्टरने दातांच्या ठेवणीचे जे तीन वर्ग पाडले आणि जे आजही वापरतात, ते वरची ही दाढ खालच्या दाढेवर कशी बसते त्यावरूनच.

या दाढेची एक खोड आहे, पुढे जागा दिसली की ती पुढे सरकते. मी स्वतः दुसरीत असताना माझी दुधाची शेवटची दाढ दुखायला लागली, दुधाचीच आहे पडणारच आहे म्हणून काढून टाकली, आणि मग मागची सहा वर्षांची दाढ आरामात त्या जागेत झुकली. दुधाच्या दाढेखाली जो कायमचा दात तयार होत होता त्याला वर यायला जागाच उरली नाही, तो शेवटी जिभेच्या बाजूने आला. अजूनही तिथे पालकाची भाजी अडकते. दुधाची दाढ म्हणजे खालून येणाऱ्यासाठी रुमाल टाकून धरलेली सीट असते, आणि ती आपल्या जागी येणाऱ्या दातापेक्षा रुंदही असते. खालच्या जबड्यात या जास्तीच्या रुंदीतून दर बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर आणि वर ०.९ मिलिमीटर जागा उरते, हे १९४७ पासून माहीत आहे. दीड-दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण समोरचे दात थोडेसेच दाटलेले असतील तर तेवढ्यात काम भागू शकतं. म्हणून किडलेली दुधाची दाढ शक्यतो वाचवतात, आणि काढावीच लागली तर मागच्या दाढेला एक रिंग आणि पुढच्या दाताला टेकेल असा तारेचा फासा, म्हणजे स्पेस मेंटेनर बसवतात. दिसायला अगदी मामुली प्रकार आहे, मला मिळाला असता तर पालकाची कटकट वाचली असती.

आता मुलीच्या अरुंद जबड्यावरच्या उपायाकडे, म्हणजे चावीकडे येते. आपली टाळू, म्हणजे तोंडाचं छत, हे एकसंध हाड नसतं, मध्ये एक उभी शिवण असते. लहानपणी ती बऱ्यापैकी सैल असते, पुढे दोन्हीकडची हाडं एकमेकांत अशी गुंतत जातात की वयात येऊन गेल्यावर ती उघडणं कठीण होत जातं आणि मोठ्या माणसाला कधीकधी ऑपरेशनही लागतं. लहान मुलात मात्र टाळूला स्क्रू असलेलं एक यंत्र, एक्सपान्डर, दाढांना धरून बसवलं आणि रोज थोडा स्क्रू फिरवला की शिवण उघडते आणि मधल्या फटीत नवीन हाड भरतं. १८६० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एमर्सन एंजेल यांनी साडेचौदा वर्षांच्या मुलीवर हे करून छापलं तेव्हा अनेकांचा विश्वासच बसला नाही, आणि एक्स-रेचा शोध १८९५ चा, त्यामुळे दाखवणार तरी कसं.

आमच्याकडे रोज रात्री हा कार्यक्रम. ती आडवी, माझ्या नवऱ्याच्या हातात मोबाईलचा टॉर्च, आणि मी पिनेसारखी चावी त्या बारक्या भोकात घालून पुढून घशाकडे ढकलणार. पाव फेरा, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. चावी काढताना ती पुढे ओढली गेली तर स्क्रू उलटा फिरतो, हे पहिल्या रात्री झालं आणि मी रडकुंडीला आले. तिला दुखत नव्हतं फारसं, नाकाच्या मुळाशी दाब वाटतो म्हणायची, बोलणं चार दिवस बोबडं झालं आणि पोहे यंत्राच्या वर जाऊन बसायचे. दहाव्या दिवशी समोरच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये ही एवढी फट पडली आणि सासूबाई घाबरल्या, पण ती फट म्हणजेच शिवण उघडल्याची खूण. फेरे थांबवल्यावर हिरडीतले तंतूच दातांना परत जवळ ओढतात. वीस फेरे झाले, मग हाड भरेपर्यंत यंत्र काही महिने तसंच.

खालचा जबडा पुढे आणि वरचा मागे असेल तरीही लवकर जावं, त्यात फेसमास्क, म्हणजे चेहऱ्यावर बाहेरून बसणारी चौकट लावून वरचा जबडा पुढे ओढतात आणि तो साधारण दहा वर्षांच्या आत जास्त उपयोगी पडतो. पण आईबाप ज्यासाठी सगळ्यात जास्त धावतात ते म्हणजे पुढे आलेले दात. त्यावर नॉर्थ कॅरोलिना, फ्लोरिडा आणि इंग्लंडमधल्या मँचेस्टरला मुलांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडून नीट प्रयोग झालेत. एका गटाला लहानपणी एकदा आणि मोठेपणी परत, दुसऱ्याला थेट मोठेपणीच ट्रीटमेंट. शेवटी दातांची ठेवण जवळपास सारखीच निघाली, म्हणजे दोनदा खर्च आणि दोनदा कटकट करून हातात एकच फायदा, की खेळताना पुढचे दात तुटायचं प्रमाण कमी झालं. मूल धडपड्या असेल किंवा शाळेत चिडवाचिडवी सहन होत नसेल तर जरूर करा, पण जबडा जन्मभरासाठी वेगळा वाढेल या आशेने नको.

आणि समोरच्या दातांतली फट! माझ्या आतेबहिणीला एका ठिकाणी आठ वर्षांच्या मुलाची फट लगेच तारेने बंद करायचं पॅकेज सांगितलं होतं. या वयात ती फट बहुतेकदा नॉर्मल असते, ब्रॉडबेंट यांनी १९३७ मध्ये या टप्प्याला 'कुरूप पिल्लू' असं नावच देऊन टाकलं. वर हाडात सुळे खाली यायच्या वाटेवर असतात आणि शेजारच्या दातांची मुळं दाबतात, म्हणून दात पंख्यासारखे फाकतात. अकरा-बाराव्या वर्षी सुळे आले की फट बहुधा आपसूक मिटते. उलट घाईने दात जवळ आणले तर मूळ सुळ्यावर जाऊन घासायची भीती.

सुळ्याचं मात्र लक्ष ठेवायचं असतं, कारण तो वाट चुकतो. स्वीडनमध्ये १९८८ साली टाळूकडे भरकटलेल्या ४६ सुळ्यांच्या बाबतीत फक्त दुधाचा सुळा काढून बघितला, तर ३६ सुळे आपणहून वाटेवर आले, तार नाही काही नाही. पण हे वेळेत कळलं तरच, आणि कळायची पद्धत साधी आहे, नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या वरच्या ओठाखाली हिरडीवर बोट फिरवायचं, दोन्हीकडे बारीक उंचवटा लागला पाहिजे.

मुलगी आता साडेनऊची आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझंच बोट धरून तिच्या हिरडीवर ठेवलं. डावीकडे लागला उंचवटा, उजवीकडे अजून नाही. सहा महिन्यांनी परत बोलावलंय.