छिन्नमनस्कता आणि कोकणपट्टी

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, हा विचार, भावना आणि वागणे यांचा मेळ बिघडवणारा मानसिक आजार. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये त्याला हे नाव दिले. नावामुळे एका देहात दोन माणसे असल्याचा समज पसरला, तो चुकीचा. जगात सुमारे ३०० जणांमागे एकाला हा आजार असतो. सुरुवात बहुधा सतरा-अठरापासून तिशीपर्यंत, म्हणजे कोकणात मुलगा मुंबईला चाकरीला लागतो त्याच वयात.

कोणी नसताना आवाज ऐकू येणे, काही केल्या न हटणारा खोटा विश्वास, असंबद्ध बोलणे ही लक्षणे लगेच दिसतात. त्यांतला मजकूर मात्र गावचाच असतो: राखणदार (गाव राखणारा देव) कोपलाय, भावकीने देवस्की (करणी) केलीय, मोबाइलमधून हुकूम येतोय. घरच्यांनाही ते निम्मे पटते. मग घाडी (देवऋषी), देवाला लावलेला कौल, नारळ यांत महिने जातात आणि उपचार जितके लांबतात तितका आजार चिवट होतो.

दुसरी लक्षणे गुपचूप येतात. मुंबईहून परतलेला मुलगा दिवसभर पडवीत भिंतीला टेकून असतो. पेज गार होते, आंघोळ टळते, आंबे उतरवायला हाक मारली तरी मान वर होत नाही. ‘सुस्तावलाय मेला,’ म्हणतात. ही सुस्ती नव्हे, आजारच. आणि औषधांना सर्वांत कमी दाद देणारा भाग हाच.

शिमग्यात पालखीपुढे वारे येणे, म्हणजे अंगात येणे, मात्र आजार नाही. त्याची वेळ गावाला ठाऊक असते आणि माणूस भानावर येऊन घरी जेवायला जातो.

मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात आवाज, खोटे विश्वास अशी लक्षणे महिन्याच्या आत पूर्ण ओसरली तर ती अल्पकालीन मनोविकृती. छिन्नमनस्कतेच्या निदानासाठी आजाराची चिन्हे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात. गांजाने किंवा मेंदूच्या आजारानेही असेच चित्र दिसू शकते, म्हणून ते आधी तपासतात.

१९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आले. अशी औषधे मुख्यतः मेंदूतील डोपामाइन या रसायनाचा परिणाम रोखतात. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर सोडल्या की आजार उलटण्याचा धोका फार. गोळ्या चुकणाऱ्यांसाठी महिन्याकाठी घ्यायचे इंजेक्शनही मिळते. राज्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. ‘रत्नागिरीला न्यायला हवं’ हा टोमणा त्यावरूनच, आणि तिथली पायरी चढायला लोक बिचकतात तेही बरेचसे त्यामुळेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी घातली आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.