श्रोणिकर्करोग शस्त्रक्रिया : फेलोशिप प्रशिक्षण आणि खानदेश

श्रोणी म्हणजे कमरेच्या हाडांनी बनलेले खोलगट पात्र. मूत्राशय, मलाशय आणि स्त्रियांमध्ये गर्भाशय व योनिमार्ग त्यात दाटीवाटीने बसलेले असतात. मागे त्रिकास्थी म्हणजे कण्याच्या तळाचे हाड, दोन्ही बाजूंना पायांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. एका अवयवाचा कर्करोग शेजारच्या अवयवात शिरला किंवा किरणोपचारानंतर त्याच जागी उलटला, की तो कोणा एका अवयवाच्या तज्ज्ञाच्या आवाक्यात राहत नाही. अशा शस्त्रक्रियांसाठी सर्जनने उच्च पदवीनंतर घ्यायचे, साधारण एक ते दोन वर्षांचे विशेष प्रशिक्षण म्हणजे ही फेलोशिप. एमबीबीएस साडेपाच वर्षे, एमएस तीन आणि कर्करोग शल्यचिकित्सेतील एमसीएच तीन, एवढा रस्ता चालून माणूस या दाराशी येतो.

या शाखेचा पाया न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील अलेक्झांडर ब्रुन्श्विग यांनी १९४८ मध्ये घातला. गर्भाशयमुखाचा हाताबाहेर गेलेला कर्करोग असलेल्या स्त्रियांमध्ये त्यांनी श्रोणीतले सगळे अवयव एकत्र काढले. या शस्त्रक्रियेला पेल्व्हिक एक्झेंटरेशन म्हणतात. पहिल्या २२ रुग्णांपैकी ५ शस्त्रक्रियेमुळेच दगावल्या. तेव्हा मूत्रवाहिन्या थेट मोठ्या आतड्याला जोडत. मूत्र आणि मळ पोटावर केलेल्या एकाच छिद्रातून येई आणि मूत्रपिंडांना जंतुसंसर्ग होई. १९५० मध्ये यूजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याच्या तुकड्याची वेगळी मूत्रनलिका करण्याची पद्धत मांडली, ती आजही वापरात आहे. पुढे १९८२ मध्ये इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी मलाशय त्याच्याभोवतीच्या चरबीच्या आवरणासकट अखंड सोडवून काढण्याचे महत्त्व दाखवले आणि श्रोणीतल्या शस्त्रक्रियेची शिस्तच बदलली.

फेलो काय शिकतो? हातांचे कसब तर शिकतोच : आधी किरणोपचार झालेल्या, दगडासारख्या घट्ट ऊतींतून वाट काढणे, त्रिकास्थीचा खालचा भाग कापणे, रिकामी झालेली पोकळी पोटाच्या किंवा मांडीच्या स्नायूने भरणे. ती पोकळी तशीच राहिली तर आतडी खाली उतरतात, पू साचतो, जखम महिनोन्‌महिने वाहते. शस्त्रक्रिया आठ-दहा तास सहज चालते. मूत्ररोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन, भूलतज्ज्ञ सगळे एका टेबलाशी असतात. पण या प्रशिक्षणाचा गाभा निवडीत आहे. गाठ सगळ्या बाजूंनी निरोगी कडेसह निघाली, सूक्ष्मदर्शकाखाली कडेला एकही कर्कपेशी सापडली नाही, तरच एवढी मोठी चिरफाड सार्थ ठरते. म्हणून फेलो आठवड्यामागून आठवडे ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या शाखांच्या तज्ज्ञांच्या रुग्णचर्चेत, बसून एमआरआय वाचायला शिकतो. एका पायाला सूज, त्याच बाजूला मांडीतून उतरणारी कळ आणि मूत्रवाहिनी अडून फुगलेले मूत्रपिंड ही तीन लक्षणे एकत्र दिसली, की गाठ श्रोणीच्या बाजूच्या भिंतीला चिकटल्याची शंका येते. अशा वेळी पुष्कळदा ‘नाही’ म्हणावे लागते. रुग्णाच्या मुलासमोर बसून ते सांगणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. माझ्या मते सर्वांत अवघड भाग.

भरपूर रुग्ण आणि सर्व शाखा एकाच छताखाली असल्याशिवाय हे शिकवता येत नाही. त्यामुळे ते मोठ्या केंद्रांतच चालते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तरी असा रुग्ण नाशिक, मुंबई किंवा नंदुरबारकडून सुरतेची गाडी धरतो. १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय जळगावपासून रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर दूर आहे. खर्चाचा भार काही प्रमाणात शासनाने उचलला : आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होता. उशीर मात्र घरातच होतो. ‘अंगावर पांढरं जातं’ हे बाई शेजारणीला सांगते, ‘कंबर दुखस’ म्हणून बाम चोळते आणि कापूसवेचणी संपल्यावर दवाखाना गाठते.

खानदेशच्या रुग्णाला सोबत घेऊन विचार केला, तर या प्रशिक्षणाचा एक भाग शस्त्रक्रियागृहाबाहेर आहे. संपूर्ण एक्झेंटरेशननंतर पोटावर बहुधा दोन पिशव्या येतात, एक मळाची, एक मूत्राची, आणि त्या जन्मभर राहतात. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. घामाने पिशवीची पोटाला चिकटवलेली चकती सुटते, कातडी सोलवटते. छिद्र लहान आतड्याचे असेल तर पातळ मळावाटे पाणी आणि मीठ झपाट्याने जाते, आणि उन्हाळ्यात मूत्रपिंडांवर ताण येतो. अशा रुग्णाला मीठ-साखरेचे पाणी किती, कधी प्यायचे ते नेमके सांगावे लागते. मळ घट्ट व्हायला केळ्याची मदत होते, आणि रावेर-यावलमध्ये ते शोधायला जावे लागत नाही. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर सुट्या पिशव्या मिळत नाहीत. दोन महिन्यांच्या पिशव्या बरोबर देणे आणि घरातल्या सुनेला किंवा नवऱ्याला चकती कापून बसवायला शिकवणे, हे रुग्णाला घरी सोडण्याआधी व्हायला हवे.

रोग उलटायचाच असेल तर तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. त्या काळात दर तीन-चार महिन्यांनी तपासणी लागते. ती जिल्ह्याच्या ठिकाणी करून अहवाल मोठ्या केंद्राला कळवता आला, तर शहाद्याच्या शेतमजूर बाईचा प्रत्येक फेरीत दोन-तीन दिवसांचा रोज वाचतो.