छोट्या पाळीव प्राण्याचं जाणं

घरात पाळलेला ससा, गिनीपिग, हॅमस्टर (उंदरासारखा छोटा प्राणी), बजरीगर (छोटा रंगीत पोपट), लव्हबर्ड असा एखादा छोटा जीव गेला की घरच्यांना जे दुःख होतं आणि त्यातून ते हळूहळू कशी वाट काढतात, त्याबद्दलची ही नोंद आहे. कुत्रा गेला तर निदान चार शेजारी विचारतात, मोती दिसत नाही हल्ली, बरा आहे ना? हॅमस्टर गेला तर तो होता हेच बिल्डिंगमध्ये कुणाला माहीत नसतं, आणि सांगावं तर ठरलेलं वाक्य येतं, "एवढंच ना, दुसरा आण." किंवा त्याहून वाईट म्हणजे "इथे माणसं जातायत आणि तू उंदरासाठी रडतेस?" अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९मध्ये अशा दुःखाविषयी लिहिलं, सोप्या मराठीत म्हणायचं तर चारचौघांनी मान्य न केलेलं दुःख. सुतक नाही, दहावा नाही, ऑफिसला सुट्टी नाही, भेटायला कुणी येत नाही, आणि रडायचं असेल तर बाथरूममध्ये जाऊन रडायचं.

हिरव्या पोपटाच्या बाबतीत तर अजून अवघड. आपल्याकडचा रानपोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याला पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, तरी कितीतरी घरांत मिठू असतोच आणि तो गेला की माणसं मोकळेपणाने सांगूही शकत नाहीत.

या प्राण्यांचं आयुष्यच मुळात लहान. हॅमस्टर साधारण २ ते ३ वर्षं जगतो, गिनीपिग ५ ते ८, बजरीगर ५ ते १०, नीट सांभाळलेला ससा ८ ते १२. म्हणजे तिसरीतल्या मुलाला वाढदिवसाला हॅमस्टर आणून दिला तर पाचवी-सहावीपर्यंत त्याला मरण बघायला लागणार हे आईबापांनी आणतानाच धरून चालायला हवं, पण दुकानात कुणी हे सांगत नाही.

दुःख सगळ्यात जास्त टोचतं ते रोजच्या सवयीत. आमच्याकडे चिकू नावाचा गिनीपिग साडेपाच वर्षं होता. फ्रिजचं दार उघडलं किंवा भाजीची पिशवी कुरकुरली की तो हॉलमधून शिट्टी मारल्यासारखा वीक वीक वीक ओरडायचा, गिनीपिग असंच करतात, खाणं येतंय हे त्यांना आवाजावरून पक्कं कळतं. तो गेल्यावर कितीतरी दिवस आई कोथिंबीर निवडताना जाड देठं वेगळी काढून वाटीत ठेवायची, ठेवायची आणि मग लक्षात आलं की वाटीकडे बघत बसायची. फोटो बघून नाही रडलो आम्ही इतकं त्या वाटीमुळे रडलो.

दुसरं टोचतं ते अपराधीपण. "काल संध्याकाळपर्यंत तर मस्त खात होता" हे वाक्य जवळपास प्रत्येक जण म्हणतो, आणि पाठोपाठ "मला कसं कळलं नाही". तर हे नीट समजून घ्यायला हवं. ससा, गिनीपिग, पक्षी ही सगळी दुसऱ्यांची शिकार होणारी जात आहे, रानात आजारी दिसला तो आधी मारला जातो, म्हणून हे प्राणी दुखणं शेवटपर्यंत लपवतात. आपल्याला दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. सशाचं आतडं थांबलं तर १०-१२ तास न खाणं हीसुद्धा इमर्जन्सी असते, आणि अशा प्राण्यांची नीट माहिती असलेला डॉक्टर तालुक्याच्या गावात सोडाच, शहरातही पटकन मिळत नाही. गिनीपिगला माणसासारखंच बाहेरून व्हिटॅमिन सी मिळावं लागतं, नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या धुराने पक्षी मिनिटांत मरू शकतो, विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलर बंद पडला तर ससा उष्माघाताने जातो. यातलं काही आपल्या हातून झालं असेल तर ते स्वतःशी कबूल करावं, पुढच्या प्राण्यासाठी लक्षात ठेवावं, पण माहीत नसताना झालेली चूक आणि हेळसांड यात फरक आहे. इंजेक्शन देऊन दयामरण द्यायला लागलं असेल तर "मीच मारलं" असं मनात घोळत राहतं, तिथेही तेच, वेदना थांबवायला घेतलेला तो निर्णय असतो.

एक गोष्ट मात्र पुरायच्या आधी बघायचीच. हॅमस्टर कडक थंडीत गारठून निपचित पडतो, अंग गार, श्वास इतका हळू की दिसतच नाही, आणि घरचे तो गेला असं समजतात. निफाडसारख्या थंडीत सकाळी असा सापडला तर त्याला उबदार खोलीत कपड्यात गुंडाळून हातात धरावं, हळूहळू ऊब द्यावी, मिशा हलतात का बघावं आणि डॉक्टरला फोन करावा. बराच वेळ ऊब देऊनही अंग ताठच राहिलं आणि काहीच हललं नाही तर मात्र तो खरंच गेलाय.

निरोप द्यायची पद्धत अशी काही ठरलेली नाही आणि मला तर वाटतं ती प्रत्येक घराने आपापली ठरवावी, पण काहीतरी करावंच. बहुतेक लोक सुती फडक्यात गुंडाळून, तुळशीचं पान किंवा दोन फुलं ठेवून पुरतात. अंगण असेल तर दोन-अडीच फूट खोल खड्डा हवा, नाहीतर कुत्री उकरतात, दयामरणाचं औषध दिलेलं असेल तर हे जास्तच सांभाळायचं कारण ते औषध उकरून खाणाऱ्यालाही मारू शकतं. फ्लॅटवाले मोठ्या कुंडीत पुरतात, हॅमस्टर किंवा बजरीगरसाठी ती पुरेशी असते, वर झाड लावतात. मुंबईत महापालिकेने २०२३मध्ये मालाडला गॅसवर चालणारी प्राण्यांची दाहिनी सुरू केली, आणि परळचं जुनं बैलघोडा हॉस्पिटल तर सगळ्या मुंबईला माहीतच आहे, काही सुचलं नाही तर अशा जनावरांच्या दवाखान्यात विचारावं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून घंटागाडीत टाकलं असं नंतर ज्यांनी सांगितलं त्यांना ते वर्षानुवर्षं सलतं. परदेशात यासाठी वेगळी जागा असते, पॅरिसजवळ आनिएरला १८९९पासून प्राण्यांचं कब्रस्तान आहे, नाव कुत्र्यांचं पण तिथे पक्षीसुद्धा पुरलेत. पक्षी एकापाठोपाठ पटापट मेले तर मात्र हात न लावता आधी पशुवैद्यकीय खात्याला कळवायचं, २००६मध्ये नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता तो काळ आठवावा.

जोडीतला एक गेला असेल तर मागे राहिलेल्याला विसरू नका. त्याला गेलेल्या सोबत्याजवळ थोडा वेळ ठेवावं, तो हुंगतो, चाटतो, कधी शेजारी बसून राहतो, नाहीतर नुसता उचलून नेला तर शोधत फिरत बसतो असा सशांच्या बाबतीत अनेकांचा अनुभव आहे. खाणं सोडतोय का यावर डोळा ठेवायचा. स्वित्झर्लंडमध्ये २००८च्या नियमांनुसार गिनीपिग एकटा ठेवता येत नाही, त्यामुळे एक गेला की उरलेल्यासाठी सोबती भाड्याने देणारी सोयसुद्धा तिथे निघाली.

लहान मुलांना "झोपला", "देवबाप्पाकडे फिरायला गेला" असं सांगू नये. पाचेक वर्षांच्या आतल्या मुलांना मेलेला परत येत नाही हे नीट कळत नाही, मग ती वाट बघत बसतात किंवा रात्री झोपायलाच घाबरतात. "तो मेला, त्याचं शरीर बंद पडलं, आता त्याला दुखत नाही" एवढं सरळ सांगावं, परत परत विचारलं तर परत परत सांगावं, पुरताना सोबत घ्यावं. आणि मूल शाळेत गेलंय तोवर तसाच दिसणारा दुसरा आणून ठेवणं हे तर अजिबात करू नये, मुलांना कपाळावरचा एवढासा ठिपकासुद्धा पाठ असतो, आणि मग आईबाबा खोटं बोलले हे दुसरं दुःख वर येतं.

किती दिवसांत बरं वाटतं याचा हिशोब नाही. कुणी आठवड्यात सावरतं, कुणाला वर्षभर पिंजरा हलवता येत नाही. एकटं राहणाऱ्या आजी-आजोबांना आणि घरापासून लांब शिकणाऱ्या पोरांना जास्त जड जातं कारण दिवसभर बोलायला तोच एक असतो. झोप, जेवण, काम सगळंच बरेच दिवस बिघडलं तर सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला १४४१६वर फोन करता येतो, "ससा गेला म्हणून" असं सांगायला लाजायचं कारण नाही. नवीन प्राणी आणायचा तो मन तयार झाल्यावर, आणि त्याला नवीन नाव द्यावं. पिंजरा आधी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावा, आजाराने गेला असेल तर लाकडी वस्तू टाकून द्याव्यात. आम्ही चिकूचा पिंजरा आठ महिन्यांनी वरच्या मजल्यावरच्या मुलीला दिला, तिच्याकडे आता दोन गिनीपिग आहेत, आणि आई कोथिंबिरीची देठं वर पाठवते.