आधी कामांची यादी, मग ऑपरेटिंग सिस्टीम

कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी त्यांच्या रोजच्या कामांची यादी मागतो. कोणते प्रोग्रॅम लागतात, प्रिंटर कोणता, स्कॅनर कोणता. उत्तर बहुतेक वेळा त्या यादीतच दडलेलं असतं.

ऑपरेटिंग सिस्टीम मुळात मध्यस्थ आहे. तुम्ही कीबोर्डवर एक बटण दाबलंत की कीबोर्ड नुसता एक सांकेतिक आकडा पाठवतो. सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवतो, ड्रायव्हरकडून (त्या उपकरणाची भाषा समजणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडून) त्या आकड्याचा अर्थ लावून घेतो आणि समोर उघड्या असलेल्या विंडोपर्यंत तो पोहोचवतो. फाइल साठवायची असो की मेमरी हवी असो, प्रोग्रॅमला कर्नलकडेच मागावं लागतं. मागण्याची ही रीत विंडोज, मॅकओएस आणि लिनक्समध्ये वेगवेगळी आहे. म्हणूनच विंडोजसाठी बनवलेला प्रोग्रॅम लिनक्सवर तसाच्या तसा चालत नाही. ‘वाइन’ नावाचं सॉफ्टवेअर मध्ये दुभाषाचं काम करतं आणि त्यावर बरेच प्रोग्रॅम चालतातही. पण ज्या प्रोग्रॅमवर पोट आहे, तो त्याच्या भरवशावर सोडू नये.

तेव्हा यादीतला एखादा अत्यावश्यक प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालत असेल, तर विंडोजच घ्या. मॅकओएस अ‍ॅपलच्याच यंत्रांसाठी असते, त्यामुळे तिथे सिस्टीम निवडणं म्हणजे यंत्र निवडणं. ब्राउझर, ईमेल, थोडं लिखाण आणि हिशेबाचे तक्ते एवढंच काम असेल, तर मात्र तिन्ही वाटा मोकळ्या आहेत.

जुन्या लॅपटॉपचा प्रश्न मला जास्त जिव्हाळ्याचा वाटतो. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते, प्रोसेसरही ठरावीकच चालतात. त्यामुळे कितीतरी धडधाकट यंत्रं त्या निकषात बसत नाहीत. ती भंगारात काढण्याआधी लिनक्स जरूर बघावं. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने 1991 मध्ये सुरू केलेलं हे कर्नल आज अँड्रॉइड फोनमध्येही आहे. नवख्यांनी उबुंटू किंवा लिनक्स मिंट या लिनक्सच्या सोप्या आवृत्त्यांपासून सुरुवात करावी.

एक मात्र लक्षात घ्या. रॅम, म्हणजे चालू कामांची तात्पुरती मेमरी, भरली की सिस्टीम जादा माहिती डिस्कवर हलवते. रॅममधून माहिती शंभरेक नॅनोसेकंदांत मिळते, फिरत्या हार्ड डिस्कवरून मिळवायला काही मिलिसेकंद जातात, म्हणजे लाखपटीच्या घरातला फरक. रॅम कमी आणि डिस्क फिरती असलेल्या यंत्रात सिस्टीम बदलण्यापेक्षा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून आणि रॅम वाढवून जास्त फायदा होतो.

लिनक्स घ्यायचं ठरवलंत तरी लगेच काही पुसू नका. त्याची इमेज, म्हणजे पूर्ण सिस्टीम सामावलेली फाइल, पेनड्राइव्हवर चढवा. नुसती फाइल कॉपी करून भागत नाही, त्यासाठीचं टूल वापरावं लागतं. मग लॅपटॉप त्याच पेनड्राइव्हवरून सुरू करा. वाय-फाय जोडा, गाणं वाजवून बघा, एक पान छापा. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. लॅपटॉप झोपेतून नीट उठतो का, हे तिथेच कळतं. यात काही अडलं, तर पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करा. तुम्ही डिस्कला हात लावला नसेल, तर जुनी सिस्टीम आणि तुमच्या फाइली जागच्या जागी असतील.