सिटी बसचा कायदा वेगळा, अनुदान वेगळं

गणपतीच्या दिवसांत आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरात आरतीनंतर प्रसाद वाटून होईपर्यंत गप्पा रंगतात, आणि फिरून फिरून त्या बसवर येतात. यंदा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "भाऊजी, इलेक्ट्रिक बसचा कायदा झालाय ना केंद्राचा? मग आपल्याकडे बस का येत नाही?" मी आयुष्यभर कार्यालयांत हिशेब पाहिले, त्यातली बरीच वर्षं बसवाहतुकीच्या. हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकलाय की एकदा नीट लिहूनच काढायचं ठरवलं. वहिनी म्हणतात तसा कायदा झालेलाच नाही. झाली ती योजना. कायदाही सरकारचा आणि योजनेचं अनुदानही सरकारचं, दोन्हींच्या बातमीत "मंजूर" हाच शब्द, त्यामुळे लोक दोन्हींना एकाच मापानं मोजतात. "मंजूर" हा शब्द वर्तमानपत्रांनी वर्षभर बाजूला ठेवावा असं मला मनापासून वाटतं. कोणी मंजूर केलं आणि नेमकं काय, तेवढं लिहिलं तरी अर्धा घोळ मिटेल.

कायद्याबद्दल फार सांगायला नको. लायसन्स, विमा, हेल्मेट यांमुळे 1988 चा मोटार वाहन कायदा सगळ्यांना भेटलेलाच आहे. सिटी बसही त्याच कायद्याखाली चालते. टप्प्याटप्प्यावर माणसं घेऊन प्रत्येकाकडून वेगळं भाडं घ्यायचं तर स्टेज कॅरेज परमिट लागतं. भाडं किती असावं याचे निर्देश देण्याचा अधिकार कलम 67 प्रमाणे राज्य सरकारचा. केंद्राचा कायदा आणि राज्याचे नियम हा फरक आहे, विधेयक आणि अधिनियम हाही आहे, पण त्यावाचून कोणाची बस चुकत नाही. अनुदान आणि कर्ज यांतला फरक तर एका ओळीचा: कर्ज फेडावं लागतं.

आता कायदा एकट्यानं काय करू शकतो ते आपल्या इंदूरनंच दाखवलं आहे. राज्याचं रस्ता परिवहन महामंडळ बंद करायचं ठरलं त्याच सुमारास, 2005 च्या डिसेंबरात, महापालिका आणि विकास प्राधिकरण यांनी मिळून अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस ही कंपनी काढली. 1950 च्या रस्ता परिवहन महामंडळ कायद्याखालचं हे महामंडळ नाही. कंपनी कायद्याखाली नोंदलेली साधी कंपनी, भांडवल लाखांत मोजण्याइतकं. 2006 मध्ये रस्त्यावर आलेल्या पहिल्या बस खासगी ऑपरेटरांनी स्वतःच्या पैशानं घेतल्या होत्या. कंपनीकडे होतं ते मार्ग आखण्याचं काम आणि परमिट. परमिटाला किंमत होती म्हणून ऑपरेटर उलट कंपनीलाच प्रीमियम देत होते. बसखरेदीच्या अनुदानाचा एक रुपया न घेता बससेवा उभी राहिली, कारण कायद्यानं दिलेला अधिकार नीट वापरला गेला. आपल्या शहराच्या या गोष्टीचा मला अभिमान आहे, आणि नव्या पिढीला ती कोणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

अनुदान आलं ते नंतर. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास अभियानात 2009 पासून बसखरेदीला पैसे मिळू लागले. 40 लाखांहून मोठ्या शहराला केंद्राकडून 35 टक्के, 10 ते 40 लाख वस्तीच्या शहराला 50 टक्के. आपण दुसऱ्या गटात: केंद्र 50, राज्य 20, शहर 30. म्हणजे बस 50 लाखांची असेल तर 15 लाख शहरानं स्वतः उभे करायचे. "सरकारनं बस दिल्या" असं म्हणताना हे 15 लाख कोणाच्या लक्षातच येत नाहीत. डिझेल, टायर, ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार या अनुदानात नाहीच. गाडी घेऊन दिली, चालवायची तुम्ही.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. खरी अडचण पुढे आहे, आणि तिथं शिकलेली माणसंही अडखळतात. ते विचारतात, "अनुदानाला अटी असतात, त्या पाळाव्याच लागतात, मग त्या कायद्यासारख्याच ना?"

नाही. अट पाळली जाते ती पुढचा हप्ता हवा म्हणून. कायदा पाळला जातो तो त्याचं बंधन आहे म्हणून, पैसे मिळोत न मिळोत. जेएनएनयूआरएमच्या बसपैशासोबत अटींची यादी होती: शहराच्या सगळ्या वाहतुकीसाठी एक एकत्रित प्राधिकरण नेमा, वेगळा नागरी वाहतूक निधी काढा, भाडेवाढीची नियमित पद्धत ठरवा, पार्किंगचं आणि जाहिरातीचं धोरण करा. अटी उत्तम होत्या. पण अट म्हणजे करारातलं कलम. अट मोडली तर पोलीस येत नाही, दंड होत नाही. दिल्लीहून पत्र येतं आणि हप्ता अडकतो. शेवटचा हप्ता मिळाला, अभियान 2014 मध्ये संपलं, की त्या अटीमागचा जोरही संपला. असं प्राधिकरण नेमायला चेन्नईसाठी 2010 मध्ये आणि केरळात 2019 मध्ये स्वतंत्र कायदा झाला. जिथं ते नुसत्या सरकारी आदेशावर नेमलं, तिथं दुसरा आदेश ते बाजूला सारू शकतो.

याचं डोळ्यांसमोरचं उदाहरण हवं तर एबी रोडवर जा. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, त्याच अभियानाच्या पैशातून झाला आणि 2013 च्या मे महिन्यात त्यावर आय-बस धावू लागली. 2024 च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्र्यांनी तो काढण्याची घोषणा केली, 2025 च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयानं परवानगी दिली. तेव्हा कितीतरी जणांनी मला विचारलं, "मग तो कायदा रद्द कधी झाला?" रद्द करायला कायदा नव्हताच. अनुदानातून झालेलं बांधकाम होतं. त्या मार्गिकेवर बसचा हक्क कायमचा लिहून ठेवणारं एकही कलम त्यामागे नव्हतं. मी स्वतः मार्गिका ठेवावी या मताचा होतो आणि आजही आहे. पण ती कायद्यानं राखली गेली असती असं समजून जे लोक स्वस्थ बसले, त्यांचा हिशेब पहिल्यापासूनच चुकला होता.

मेट्रोचं नेमकं उलट आहे. 31 मे 2025 ला सुरू झालेल्या सुमारे 6 किलोमीटरच्या, 5 स्टेशनांच्या त्या तुकड्यामागे संसदेचे कायदे उभे आहेत. 2002 चा मेट्रो चालवण्याचा कायदा आधी दिल्लीपुरता होता, 2009 च्या दुरुस्तीनं तो इतर महानगरांनाही लागू करता येऊ लागला. त्यामुळे सुरक्षा आयुक्तांनी तपासून होकार दिल्याशिवाय मेट्रोत प्रवासी बसवता येत नाहीत. भाडं ठरवायला समिती नेमली की तिची शिफारस मेट्रोवर बंधनकारक ठरते. पैसा आटला तरी ही कलमं जागची हलत नाहीत. सिटी बसला असं स्वतःचं छप्पर नाही. 74 व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या कामांच्या 18 बाबी आहेत. त्यांत रस्ते आहेत, पूल आहेत, पार्किंग आहे, बसथांबेसुद्धा आहेत. बससेवा नाही. थांबा पालिकेचा, आणि त्या थांब्यावर येणारी बस मात्र यादीत नाही! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ती यादी दोनदा तपासली होती.

यावर एखादा वकील मित्र म्हणतो, "पण बजेटही विधेयकानंच पास होतं की!" बरोबर आहे, विनियोजन कायदा होतो. तो सरकारला संचित निधीतून पैसे काढण्याची परवानगी देतो, तेवढंच. बस कंपनी तो कायदा हातात धरून "आमचे पैसे द्या" म्हणू शकत नाही. योजनेचं अनुदान राज्यघटनेच्या कलम 282 प्रमाणे दिलं जातं, आणि त्या कलमात सरकार देऊ "शकतं" असं आहे.

अनुदान किती नाजूक असतं ते कागदावर दिसतं. अनुदान कशावर खर्च झालं ते सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला ऑफिसात सगळे यूसी म्हणतात, ते सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर 12-ए या नमुन्यात भरायचं. वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, अनुदानावर मिळालेलं व्याज, परत जमा केलेलं व्याज, आलेली रक्कम, झालेला खर्च, उरलेली शिल्लक. आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत ते पाठवावं लागतं. मी होतो त्या एका कार्यालयात एकदा व्याजाचा रकाना कोरा गेला. रक्कम फार नव्हती, बँकेत पडून राहिलेल्या पैशावर तिमाहीला जमा झालेलं व्याज, पण ते सरकारचं होतं आणि परत करायचं होतं. फाइल परत आली, हप्ता थांबला, आणि डेपोत 6 बस विटांवर चढवलेल्या उभ्या राहिल्या, कारण शहराचा हिस्सा हप्त्यात गुंतला होता आणि टायरवाल्याचं बिल त्या हिश्श्यातून निघायचं होतं. त्या महिन्यात थांब्यावरच्या लोकांनी शिव्या दिल्या त्या भाड्याला आणि आरटीओला. दोघांचाही काही दोष नव्हता.

आता वहिनींची इलेक्ट्रिक बस. पीएम ई-बस सेवा केंद्रीय मंत्रिमंडळानं 16 ऑगस्ट 2023 ला मंजूर केली: देशभरात 10,000 बस, 2011 च्या जनगणनेत 3 लाखांहून जास्त वस्ती असलेल्या शहरांसाठी, केंद्राचा वाटा 20,000 कोटी. ही जुन्या योजनांपेक्षा मला जास्त आवडते, कारण इथं पैसा गाडीच्या किमतीवर न देता धावलेल्या किलोमीटरवर दिला जातो. 12 मीटर बसला किलोमीटरला 24 रुपये, 9 मीटरला 22, 7 मीटरला 20, दहा वर्षं. समजा 9 मीटरची बस दिवसाला 180 किलोमीटर धावली आणि ती चालवणाऱ्या ऑपरेटरला द्यायचा दर किलोमीटरला 60 रुपये ठरला. दिवसाचं देणं 10,800 रुपये. त्यात केंद्राचे 3,960. उरलेले 6,840 तिकिटातून, पासमधून, जाहिरातीतून आणि शेवटी राज्य किंवा पालिकेकडून यायचे. बस उभी राहिली तर केंद्राचे पैसेही थांबतात, हे मला योग्य वाटतं. पण अकराव्या वर्षी ते 22 रुपये कुठून येणार, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. माझं मत विचाराल तर पार्किंगच्या किंवा वाहनकराच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा बसला मिळेल असा राज्याचा छोटासा कायदा मी 150 फुकटच्या बसपेक्षा आधी मागेन.

वहिनींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी अर्ज कोणाला करू ते सांगा." आम्ही तिथंच मंडपात, पावती पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर, दोन वेगळे अर्ज लिहिले. एक पालिकेच्या झोन कार्यालयाला: आमच्या वळणावर थांबा हवा, रात्री दिवा हवा. दुसरा बस कंपनीला: ई-बसच्या मार्गांत राजेंद्र नगरची फेरी धरली आहे का, आणि धरली असेल तर दिवसाला किती किलोमीटर. भाड्याचं काही लिहायचं का असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याला तिसरा कागद लागेल, तो भोपाळला जाईल.