महागडं लाकूड म्हणजेच चांगला आवाज?

"स्टेजवर वाजवायचं तर महागडीच गिटार हवी, स्वस्त लाकडाला आवाज नसतो." नव्या बँडला हे हमखास ऐकवलं जातं. अकूस्टिक गिटारबाबत त्यात तथ्य आहे, कारण तिथे लाकडाची पेटीच आवाज घुमवते. इलेक्ट्रिकमध्ये अँप्लिफायरकडे जातो तो पिकअपचा सिग्नल: चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी तांब्याची तार आणि तिच्यावर थरथरणारी पोलादी तार. लाकडाचा वाटा शून्य नसेल, पण ड्रम सुरू झाले की तो ऐकू येत नाही. डॅनइलेक्ट्रो या अमेरिकी कंपनीने 1950च्या दशकात हार्डबोर्डच्या गिटारी विकल्या. तशीच एक पुढे गिटारवादक जिमी पेजने लेड झेपेलिन या रॉक बँडच्या कार्यक्रमांत वाजवली.

स्वस्त गिटार दगा देते ती नट (नेकच्या, म्हणजे दांड्याच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी), ट्यूनर (तारा ताणणाऱ्या खुंट्या) आणि केबलच्या जॅकमध्ये. म्हणून घेताना ट्यून करा, तार जोरात ओढून सोडा आणि पुन्हा तपासा. सूर उतरला, किंवा खुंटी पिळताना नटपाशी 'टिक्' आवाज आला, तर तार खाचेत अडकते आहे. खाच घासून घेणं हे किरकोळ काम आहे. बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्टीवर) दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता हलकेच स्पर्शून काढलेला सूर) जुळत नसेल, तर ब्रिजवरचा (तारा टेकतात त्या खालच्या भागावरचा) स्क्रू फिरवून बहुधा जुळतो. वाकडी, पिळलेली नेक मात्र घेऊच नका.

बेस गिटार घेत असाल, तर ती पट्ट्याने गळ्यात अडकवून दोन्ही हात सोडा. नेक खाली झुकली, तर दोन तासांच्या कार्यक्रमात डावा हात तिला सावरण्यातच थकेल.