तैपेईतली खरेदी आणि पाच टक्के कर परतावा: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

तैवानमध्ये दुकानातल्या चिठ्ठीवर जी किंमत लिहिलेली असते, तिच्यात ५ टक्के व्यवसाय कर धरलेलाच असतो. आपल्याकडच्या एमआरपीत जीएसटी असतो, तसंच. परदेशी पर्यटकाने वस्तू विकत घेऊन ती देशाबाहेर नेली, तर हा कर त्याला परत मिळू शकतो. योजना सरकारी आहे. २०१६ मध्ये तिचं प्रत्यक्ष कामकाज चुंगह्वा टेलिकॉमकडे गेलं आणि तेव्हापासून बराचसा कारभार संगणकावर चालतो. रांगा आणि शिक्के आता फारसे उरलेले नाहीत.

आधी पैशांचं बोलू, कारण पाच टक्के म्हटलं की डोक्यात भलतेच आकडे फिरू लागतात. परतावा छापील किमतीवर नाही, तर तिच्यातल्या कराच्या भागावर मिळतो. १०,५०० तैवानी डॉलरची खरेदी केली तर त्यात कर ५०० डॉलर. या ५०० तून १४ टक्के सेवाशुल्क कापलं जातं, म्हणजे ७० डॉलर गेले. हातात ४३० पडतात. बिलाच्या मानाने हे सव्वाचार टक्क्यांच्याही आतच. किमान खरेदी २,००० डॉलरची हवी आणि तेवढ्याच खरेदीवर सुटतात जेमतेम ८२ डॉलर. एक तैवानी डॉलर तीन रुपयांच्या आतबाहेर असतो, तेव्हा रुपयांतला हिशोब ज्याचा त्याने करावा. मोठी खरेदी असेल तर ही रक्कम सोडू नये. पण केवळ परतावा मिळावा म्हणून दोन हजारांचा आकडा गाठायला नको असलेली वस्तू पिशवीत टाकणं हा सरळ तोटा आहे.

पात्र कोण?

तैवानचा नसलेला पासपोर्ट आणि प्रवेशाच्या दिवसापासून १८३ दिवसांपेक्षा कमी मुक्काम, या दोन मुख्य अटी. आठ-दहा दिवस फिरायला गेलेला भारतीय पर्यटक त्यात आपोआप बसतो. व्यवसायाच्या भेटीवर किंवा प्रदर्शनाला गेलेलाही बसतो.

शिकायला किंवा नोकरीला तिथे राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. शिंचूच्या विद्यापीठांत आणि सेमीकंडक्टर कंपन्यांत मराठी मुलंमुली आता बरीच आहेत. त्यांचा मुक्काम १८३ दिवसांच्या पुढे जातो, त्यामुळे परतावा नाही. त्यांना भेटायला पंधरा दिवस आलेले आईबाबा मात्र पात्र ठरतात. यातून लगेच एक शक्कल सुचते, की खरेदी मुलाने करायची आणि अर्जावर पासपोर्ट बाबांचा लावायचा. तसं करू नका. विकत घेणारा, अर्ज करणारा आणि वस्तू घेऊन देशाबाहेर जाणारा माणूस एकच असला पाहिजे. आईबाबांनी स्वतःसाठी, स्वतःच्या नावाने घ्यावं, म्हणजे प्रश्नच येत नाही.

प्रवेशाचं थोडक्यात. भारतीयांना तैवानला जायला व्हिसा लागतो आणि तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर हे त्यासाठीचं कार्यालय. दिल्ली आणि चेन्नईनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये ते मुंबईतही सुरू झालं. ज्यांच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, शेंगेन देश, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा व्हिसा आहे, किंवा तो संपून दहा वर्षं झालेली नाहीत, त्यांना काही अटींवर ऑनलाइन प्रवास परवाना मोफत मिळतो. त्यावर दर वेळी १४ दिवस राहता येतं. परताव्याच्या दृष्टीने व्हिसा आणि हा परवाना यांत फरक नाही.

दुकान कोणतं?

खरी मेख इथे आहे. परतावा सगळ्या दुकानांत मिळत नाही. ज्या दुकानाने योजनेत नाव नोंदवलं आहे, त्याच्या दारावर किंवा गल्ल्यापाशी टॅक्स रिफंडचं चिन्ह लावलेलं असतं. डिपार्टमेंट स्टोअर, तैपेई १०१ च्या इमारतीतला मॉल, चिनीमातीच्या आणि काचशिल्पांच्या नामांकित ब्रँडची दालनं, मोठ्या मिठाईवाल्यांच्या शाखा इथे ते दिसण्याची शक्यता जास्त.

आता तैपेईत हस्तकला पाहायला माणूस जातो कुठे? दाताओचंग भागातल्या दीह्वा रस्त्यावर. चहा, सुकामेवा, वनौषधी, बांबूच्या टोपल्या आणि चाळण्या, योंगल बाजारातले कापडाचे तागे, लालभडक जमिनीवर पिऑनीची फुलं छापलेलं हाक्का कापड, हातात घालून नाचवायच्या कठपुतळ्या. शनिवार-रविवारी च्यानग्वो उड्डाणपुलाखाली भरणारा जेडचा बाजार. आणि शहराबाहेर, रेल्वेने अर्ध्या तासावर, कुंभारकामाचं गाव यिंगग. तिथल्या जुन्या रस्त्यावर चहाच्या किटल्यांपासून फुलदाण्यांपर्यंत सगळं मिळतं आणि जवळच २००० साली उघडलेलं सिरॅमिक संग्रहालय आहे. या ठिकाणची अनेक दुकानं घरगुती आहेत. महिन्याची सरासरी विक्री दोन लाख डॉलरच्या खाली असलेल्या छोट्या व्यावसायिकाला सरकारी क्रमांकाचं ‘युनिफॉर्म इन्व्हॉइस’ द्यायचं बंधन नसतं. तो साधी पावती देतो. आणि तसं इन्व्हॉइस नाही तर परतावाही नाही.

म्हणजे जी वस्तू आणायला आपण एवढ्या लांब जातो, ती बहुतेक वेळा या योजनेच्या बाहेरच असते. योजना मोठ्या दुकानांच्या सोयीची आहे, हे मान्य करून पुढे जावं. यिंगगमधल्या म्हाताऱ्या कारागिराकडची किटली चार टक्क्यांसाठी सोडून तिची कारखान्यात बनलेली बहीण मॉलमधून घेणं मला तरी पटत नाही. मात्र चहा, अननस केक, नामांकित चिनीमाती असं जे कुठूनही घेतलं तरी सारखंच, ते सगळं एका दिवशी एका नोंदणीकृत दुकानातून घ्यावं.

युनिफॉर्म इन्व्हॉइसबद्दल जाता जाता एक गंमत. प्रत्येक इन्व्हॉइसवर लॉटरीचा क्रमांक असतो. १९५१ पासून ही प्रथा आहे, दुकानदाराने बिल फाडावं म्हणून सुरू झालेली. विषम महिन्यांच्या २५ तारखेला सोडत निघते आणि सर्वांत मोठं बक्षीस एक कोटी डॉलरचं असतं. कॉफीचं बिलसुद्धा लोक जपून ठेवतात ते उगीच नाही.

कागदपत्रं

लागतात अगदी मोजकी. मूळ पासपोर्ट, ज्यावर प्रवेश केला तोच. झेरॉक्स किंवा मोबाइलमधल्या फोटोवर विसंबून बाहेर पडू नका. त्या दिवशीची इन्व्हॉइस. दुकानदाराने भरून दिलेला परताव्याचा अर्ज. आणि विमानतळावर प्रत्यक्ष वस्तू. शहरातल्या काउंटरवर आगाऊ परतावा घ्यायचा असेल तर हमीसाठी क्रेडिट कार्ड. खरेदी रोखीने केली की कार्डाने, याने काही बिघडत नाही.

अर्ज त्याच दिवशी, त्याच दुकानात मागायचा. दुसऱ्या दिवशी इन्व्हॉइस घेऊन गेलात तर दुकानदार हात जोडतो. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, अशी एकाच दुकानात एकाच दिवशी दोनदा खरेदी झाली तर बेरीज धरली जाते. दोन वेगळ्या दुकानांची धरत नाहीत. मॉलमध्ये मात्र वेगवेगळ्या काउंटरची बिलं एकत्र करून देणारी खिडकी पुष्कळदा असते, तेव्हा आधी चौकशी कक्षात विचारा. दुकानातून निघण्यापूर्वी अर्जावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपली नावं लांब असतात, त्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं आणि आडनाव कुठल्या रकान्यात टाकायचं यावरून तिथला माणूस गोंधळतो.

पैसे परत घेण्याच्या तीन वाटा

पहिली दुकानातच. काही दुकानांना लहान रकमेचा परतावा जागेवर द्यायची परवानगी असते. एका दिवसाची त्या दुकानातली खरेदी २,००० पासून ४८,००० डॉलरपर्यंत आणि त्या फेरीतली एकूण खरेदी १,२०,००० च्या आत असेल तर ही वाट खुली. दुकानदार पासपोर्टची नोंद सिस्टीमवर तपासतो, तुमची सही घेतो आणि रक्कम हातात देतो. सर्वसाधारण पर्यटकासाठी हीच सर्वांत सोयीची. मिळालेला कागद मात्र देश सोडेपर्यंत सांभाळा.

दुसरी वाट ठरलेल्या मॉलमधल्या शहरी काउंटरची. पैसे लगेच मिळतात, पण क्रेडिट कार्डावर हमी घेतात आणि अर्जापासून २० दिवसांत तुम्ही देश सोडायला हवा. निघताना विमानतळावर कस्टमकडे नोंद करणंही भाग आहे. ती राहिली तर दिलेली रक्कम कार्डावरून वसूल होते. घाईत उड्डाण पकडणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

तिसरी वाट विमानतळाची. ताओयुआनच्या दोन्ही टर्मिनलवर, तसंच सुंगशान, ताइचुंग आणि काओश्युंगला ही सोय आहे. प्रस्थान कक्षात मशीन असते, काउंटरही असतो. पासपोर्ट वाचून मशीन तुमचे अर्ज दाखवते. पुढे दोनच शक्यता: अर्ज थेट मंजूर होतो, नाहीतर कस्टमच्या खिडकीवर वस्तू दाखवायला सांगतात. मंजुरीचा कागद मिळाला की विमानतळावरच्या ठरलेल्या बँकेतून रोख घ्यायची किंवा रक्कम कार्डावर जमा करून घ्यायची.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. बॅग चेक-इनला देण्याआधी परताव्याची खिडकी. वस्तू दाखवा म्हणाले आणि किटल्या बॅगेतून पट्ट्यावर निघून गेल्या असतील तर तो अर्ज बुडाला. त्यामुळे दाखवायच्या वस्तू बॅगेत वरच्या थरात ठेवा आणि नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा.

काय चालतं, काय नाही

खरेदीच्या तारखेपासून ९० दिवसांत वस्तू तैवानबाहेर जायला हवी आणि तीही वापरलेली नको. चहाचं पाकीट हॉटेलात फोडून चाखलं, तर त्या पाकिटाचा परतावा गेला. हॉटेलचं भाडं, जेवण, सहली या सेवा आहेत, त्यांवर काहीच नाही. विमानात नेता येत नाहीत अशा वस्तूही वगळलेल्या आहेत. दारूवर परतावा मिळतो तो फक्त या पाच टक्क्यांचा, मद्यावरचा वेगळा कर परत येत नाही. किनमेनची ५८ टक्क्यांची काओलियांग घ्यायची असेल तर ती चेक-इनच्या बॅगेतच जाईल. हाँगकाँग किंवा सिंगापूरला विमान बदलताना हातातल्या बाटलीवरून वाद नको.

चहा घेताना एवढं ध्यानात ठेवा की तिथे जुनं माप चालतं. एक जिन म्हणजे ६०० ग्रॅम आणि पाकिटं बहुधा पाव जिनची, १५० ग्रॅमची असतात. चिठ्ठीवरचा भाव जिनचा आहे की पाकिटाचा, ते विचारून घ्या. आलिशान आणि डोंगडिंगचे ऊलाँग सगळीकडे मिळतात, तैपेईजवळच्या पिंगलिनचा पाओचुंग मात्र खास तिकडचा. दोन पाकिटं जास्तीची आणलीत तरी संपतील.

शाकाहारी मंडळींसाठी अननस केकची चौकशी गरजेची. त्यात लोणी आणि अंडं बहुतेक असतंच आणि काही ठिकाणी डुकराची चरबीही वापरतात. तैवानच्या नियमांप्रमाणे शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर प्रकार लिहिलेला असतो: पूर्ण वनस्पतिजन्य, अंड्याचा, दुधाचा, दोन्हींचा, किंवा कांदा-लसूण वर्गातला. पूर्ण वनस्पतिजन्य प्रकाराला ‘छ्वान सू’ म्हणतात, हे दोन शब्द दुकानात पुरतात. शिवाय नावात अननस असला तरी पारंपरिक सारणात कोहळा मिसळलेला असतो. निव्वळ देशी अननसाचा हवा असेल तर ‘थू फंगली सू’ मागा. तो आंबट आणि रेषाळ लागतो, मला तोच आवडतो.

भारतात उतरल्यावर

तैवानने कर परत दिला म्हणून भारतीय कस्टमने सूट दिली असं होत नाही. दोन्ही हिशोब वेगळे. करमुक्त सामानाची चालू मर्यादा निघण्याआधी भारतीय कस्टमच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. मद्य दोन लिटरपर्यंत. बिया, रोपं, ताजी फळं आणू नका आणि कागदपत्रांशिवाय प्रवाळाचे दागिने घेण्याच्या फंदात पडू नका. बिलं बॅगेत नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मर्यादेपेक्षा जास्त सामान असेल तर ते जाहीर करायच्या लाल मार्गावरचा अधिकारी आधी किंमतच विचारतो. परताव्याचा अर्ज केला असेल तर इन्व्हॉइसचे फोटो तैवानमध्येच काढून ठेवा. छापील कागद उष्णतेने फिका पडतो आणि किटलीची किंमत सांगायला मग काहीच उरत नाही.